जावई कमावतो किती, आणि कागदावर किती?

गेल्या कपाशीच्या हंगामात एका कामानिमित्त आम्ही सोयगावला गेलो होतो. काम आटोपल्यावर बाजारातल्या एका जुन्या ओळखीच्या कापड दुकानात चहाला बसलो. दुकानदार आमच्यापेक्षा वयाने मोठे. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो. एरवी गिऱ्हाइकाला हसवून माल विकणारा हा माणूस त्या दिवशी गप्प होता. चहा झाल्यावर त्यांनी गल्ल्याखालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक इंग्रजी पत्र काढले.

"भाई, तुम्ही लिहिता-वाचता. यात काय आहे ते नीट सांगा. जावई फोनवर एक सांगतो, एजंट दुसरेच सांगतो."

पत्र ब्रिटनच्या व्हिसाचे होते. चाचांच्या मुलीचा निकाह दीड वर्षापूर्वी झाला. मुलगा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या घराण्यातला, ब्रिटनचा नागरिक, स्वतःची टॅक्सी चालवणारा. निकाहनंतर पंधरा दिवसांनी तो परत गेला आणि मुलगी माहेरीच राहिली. आता तिचा व्हिसा नाकारला होता. कारण एकच: पतीचे उत्पन्न ठरलेल्या रकमेपेक्षा कमी.

चाचांना ते पटत नव्हते. "गाडी स्वतःची आहे, घरभाडे वेळेवर भरतो, आई-बापाला दरमहा पैसे पाठवतो. आणि म्हणे उत्पन्न कमी!" एजंटने त्यांना उपाय सांगितला होता की वीस लाख रुपये जावयाच्या खात्यात दाखवा, काम होऊन जाईल. चाचा दोन एकर काळी जमीन काढायला निघाले होते. गिऱ्हाईकही ठरले होते, फक्त इसार घ्यायचा बाकी होता.

आम्ही म्हटले, "चाचा, इसार घेऊ नका. जमीन विकलीत तरी हे काम होणार नाही."

का होणार नाही, हे त्या दुकानात समजावून सांगायला आम्हाला दोन तास लागले. असे चाचा प्रत्येक तालुक्यात आहेत. मुलगी दिली परदेशात आणि कागद अडले म्हणून बसली माहेरी, ही कहाणी आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत आता नवी राहिलेली नाही. म्हणून हा हिशेब वाचकांसमोर मांडत आहोत.

ही जमानत कशासाठी?

आखातात गेलेल्यांना कफील हा शब्द शिकवावा लागत नाही. परदेशी माणसाची जबाबदारी कोणीतरी घ्यायची, ही रीत तिथे जुनी आहे. पाश्चात्त्य देशांत बायकोला बोलावताना नवऱ्यालाच तिचा कफील व्हावे लागते. बायकोचा खर्च नवऱ्याने उचलावा हे आपल्याकडे निकाहबरोबरच ठरलेले असते. तिथले सरकार तीच गोष्ट लेखी मागते आणि तिची किंमत आकड्यात ठरवते. येणारी व्यक्ती सरकारी मदतीवर भार होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

इथे आपल्या लोकांची एक गफलत होते. आपण ऐपत पाहतो आणि ते उत्पन्न पाहतात. घर, गाडी, जमीन, दागिने, माणसाची पत, बाजारातली उधारी या सगळ्याला मिळून आपण ऐपत म्हणतो. व्हिसा देणारा अधिकारी मात्र नियमाने ठरवलेला कागदच हातात घेतो. त्या कागदावर जो आकडा नाही तो त्याच्या लेखी कमावलेलाच नाही.

ब्रिटनचा हिशेब

ब्रिटनने जुलै २०१२ पासून नियम केला की पत्नीला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असले पाहिजे. या नियमाविरुद्ध अनेक कुटुंबे कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने उत्पन्नाची अट कायदेशीर ठरवली. मात्र मुलांच्या हिताचा आणि पैशाच्या इतर मार्गांचा पुरेसा विचार होत नाही, असेही सुनावले. पुढे ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ही रक्कम २९,००० पौंड झाली. ती ३८,७०० पर्यंत नेण्याचा बेत होता, पण त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने तो थांबवला.

नोकरदाराचे काम त्यातल्या त्यात सोपे. एकाच मालकाकडे सहा महिने पगार, महिना साधारण २,४१७ पौंड, पगाराच्या पावत्या आणि तोच पगार बँकेत जमा झाल्याचा उतारा असला की अट पुरी होते.

स्वतःचा धंदा असेल तर गोष्ट बदलते. तिथे गल्ल्यात किती आले हे कोणी विचारत नाही. मागच्या पूर्ण आर्थिक वर्षात कर खात्याला नफा किती दाखवला, तेवढेच उत्पन्न धरतात. चाचांच्या जावयाची खरी गोष्ट इथे उलगडली. वर्षाची एकूण वसुली ४१,००० पौंडांची. त्यातून पेट्रोल, विमा, दुरुस्ती, मोबाइल, शिवाय जे जे घालता येईल ते सारे खर्चात घालून त्याने नफा दाखवला १७,०००. कर वाचला म्हणून तो खूश होता. जो आकडा त्याने कर खात्यासाठी लहान केला, तोच आकडा बायकोच्या व्हिसासाठी त्याच्यापुढे उभा राहिला.

मग बँकेतली शिल्लक दाखवून तूट भरून काढता येते का? नोकरदाराला येते. त्याचे गणित असे: शिल्लकीतले पहिले १६,००० पौंड सोडून द्यायचे आणि वर जी रक्कम उरेल ती तुटीच्या अडीचपट असली पाहिजे. पगार २५,००० असेल तर तूट ४,००० ची. तिची अडीचपट १०,००० आणि वरचे १६,०००, म्हणजे २६,००० पौंड शिल्लक हवी, तीही सलग सहा महिने खात्यात असलेली. उत्पन्न काहीच नसेल तर ८८,५०० पौंड, आजच्या भावाने एक कोटी रुपयांच्या आसपास.

पण स्वतःचा धंदा करणाऱ्याला धंद्याचा नफा आणि शिल्लक यांची अशी बेरीज करता येत नाही. एजंटने हे चाचांना सांगितले नव्हते. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. दोन एकर विकून वीस लाख गेले असते, आणि नकाराचे दुसरे पत्र त्यावर आले असते.

आणखी दोन गोष्टी. मुलगी इथे शाळेत शिकवत असेल तर तिचा इथला पगार या हिशेबात धरला जात नाही. आणि अर्ज फुकट नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरून अर्ज करण्याची फी १,९३८ पौंड झाली. शिवाय आरोग्यसेवेचा आकार वर्षाला १,०३५ पौंड या दराने पहिल्याच वेळी ३,१०५ पौंड भरावा लागतो. अर्ज नाकारला तर आरोग्याचा आकार परत मिळतो, फी मात्र जाते. पुन्हा अर्ज म्हणजे पुन्हा फी. म्हणून घाईने अर्ज टाकण्यापेक्षा सहा महिने थांबणे स्वस्त पडते.

अमेरिकेचा हिशेब

अमेरिकेत ही हमी १९९६ च्या कायद्याने कडक झाली आणि डिसेंबर १९९७ पासून ती कोर्टात वसूल करता येण्याजोगा करार बनली. तिथे आय-८६४ नावाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तिथले सरकार दरवर्षी गरिबीच्या रेषेचा तक्ता काढते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न त्या रेषेच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या तक्त्यानुसार नवरा-बायको अशा दोघांच्या घराला ही रक्कम २६,४३७ डॉलर होती आणि चौघांच्या घराला ४०,१८७ डॉलर.

घरात माणसे किती, हे मोजताना आपले लोक फसतात. नवऱ्याने आधी आई-वडिलांना बोलावताना त्यांची हमी घेतली असेल आणि ती अजून संपली नसेल, तर तेही मोजले जातात. लग्नाआधी कागद पाहताना दोघांचे घर धरले आणि प्रत्यक्षात ते चौघांचे निघाले, तर सारा हिशेब कोसळतो.

तूट असेल तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट. ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोसाठी पाचपट. उत्पन्न २०,००० असेल तर दोघांच्या घराला तूट ६,४३७ ची. नागरिक असेल तर मालमत्ता १९,३११ डॉलरची, ग्रीनकार्डवाला असेल तर ३२,१८५ ची. ही मालमत्ता येणाऱ्या मुलीची स्वतःची असली तरी चालते. अट एवढीच की ती तिच्या नावावर असावी आणि वर्षभरात तिचे रोख पैसे करता यावेत. म्हणजे मुलीच्या नावावरची ठेव कामाला येते, बापाच्या नावावरचा सातबारा येत नाही.

तेवढ्यानेही भागले नाही तर दुसरा हमीदार उभा करता येतो. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही, पण अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला आणि तिथेच राहणारा हवा. सोयगावात बसून बापाला मुलीचा हमीदार होता येत नाही.

आणि हा दुसरा हमीदार शोधताना एक गोष्ट लपवू नये. ही सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नाही. ती मुलगी नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षे, तिच्या हिशेबात जमा होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही हमी चालू राहते. तलाक झाला तरी ती संपत नाही. नवऱ्याने हात झटकले तर बायको या कागदाच्या जोरावर कोर्टात खर्च मागू शकते. मुलीच्या बापाने ही गोष्ट समजून घ्यावी. तिच्या हक्काचा तो एक मोठा आधार आहे. आणि मामेभावाच्या मित्राकडून सही मागणाऱ्याने त्या मित्रालाही ती आधी सांगावी.

आखात आणि कॅनडा

आखातात बायकोला बोलावण्याची अट पगारावर आणि व्हिसावर लिहिलेल्या हुद्द्यावर असते. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये हुद्द्याची अट काढून फक्त उत्पन्न धरले: ४,००० दिरहम, किंवा राहण्याची जागा मालकाची असेल तर ३,०००. सुतार, वेल्डर, शिंपी अशा कारागिरांना त्यामुळे पहिल्यांदाच दार उघडले. कुवेतने मात्र २०२४ मध्ये पगाराची अट ८०० दिनारांवर नेली, आणि ती आपल्या बहुतेक लोकांच्या आवाक्याबाहेर आहे.

सौदीत वेगळेच ओझे आले. जुलै २०१७ पासून तिथे राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल आकार सुरू झाला. तो दरवर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० रियाल झाला. बायको आणि दोन मुले म्हणजे महिना १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. या आकाराने कित्येक कुटुंबे मायदेशी परतली. तेव्हा आखातातल्या जावयाचा नुसता पगार विचारू नये. कुटुंबाचा व्हिसा मिळतो का, आणि तो दरवर्षी टिकवायला खर्च किती, हेही विचारावे.

कॅनडाचा मार्ग त्या मानाने सरळ. एकट्या पत्नीला बोलावण्यासाठी तिथे साधारणपणे किमान उत्पन्नाचा आकडा नाही. पण हमी देणारा सरकारी मदतीवर जगणारा नसावा, अपंगत्वाची मदत सोडून, आणि तो तीन वर्षे पत्नीचा खर्च उचलण्याचे लेखी वचन देतो. क्यूबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत.

खात्यात पैसे 'दाखवणे'

एजंट सांगतात तो उपाय सर्वत्र एकच असतो: उसने पैसे खात्यात टाका, उतारा काढा, पैसे परत करा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांचे उतारे मागतात आणि मोठी रक्कम अचानक आली तर ती कुठून आली हे विचारतात. खोटे कागद दिल्याचे ठरले तर ब्रिटनचे दार दहा वर्षे बंद होऊ शकते. अमेरिकेत खोटी माहिती दिल्याचे ठरले तर ते जन्मभराचे बंद होते, आणि माफीचा रस्ता अरुंद आहे. उत्पन्न कमी पडल्याचा नकार पुढच्या वर्षी पुसता येतो. खोटेपणाचा शिक्का पुसत नाही.

दुसरी बाजू त्याहून कडू आहे. "व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवायचे आहेत" असे म्हणून मुलाकडचे लोक मुलीच्या बापाकडे रक्कम मागतात. लग्नाच्या सौद्यात अशी रक्कम मागितली तर नाव काहीही द्या, तो हुंडाच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. बापाला मुलीसाठी काही करायचेच असेल, तर ते त्याने तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या स्वतःच्या खात्यात ठेवावे. महरची रक्कमही रोख मिळाली तर तिच्याच खात्यात जावी. ब्रिटनमध्ये दोघांपैकी कोणाचीही शिल्लक चालते आणि अमेरिकेत मुलीची मालमत्ता चालते, तेव्हा ते पैसे व्हिसाच्याही कामी येतील. आणि व्हिसा नाही मिळाला, तरी पैसे तिचेच राहतील.

आपल्या घरचे कागद

परदेशातल्या मुलाचे कागद पाहताना आपले कच्चे असतात, हे विसरू नये. आपल्याकडे निकाहनामा काझीसाहेबांच्या दप्तरात असतो, पुष्कळदा उर्दूत. तो जपून ठेवावा, त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. त्याप्रमाणे निकाहची नोंद गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपंचायत किंवा महापालिकेकडे होते. नव्वद दिवसांत नोंद केली तर बरे, उशीर झाला तर दंड भरून होते. नवरा परत जाण्याआधी, दोघांच्या सह्या, साक्षीदार आणि काझीसाहेब हाताशी असतानाच हे काम उरकून घ्यावे. नवरा विमानात बसला की पुढे एका सहीसाठी वर्ष जाते.

नावांचा घोळ हा दुसरा अडथळा. शाळेच्या दाखल्यावर "बी", आधारवर "बेगम", पासपोर्टवर बापाचे नाव आणि निकाहनाम्यात नुसते घरचे नाव. एकच मुलगी चार कागदांवर चार बायका होते. निकाह ठरल्याच्या दिवशीच सगळे कागद समोर ठेवून स्पेलिंग जुळवून घ्यावे.

आखातासाठी नोंदणीच्या दाखल्यावर साक्षांकन लागते. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला आणि सौदी अरेबिया २०२२ मध्ये. त्यामुळे सौदीसाठी आता परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल चालतो. अमिराती, कुवेत आणि कतारसाठी मात्र त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो.

धंद्याच्या पानावर हे कशाला?

कोणी विचारेल, लग्नाची गोष्ट व्यापाराच्या पानावर कशाला? आमचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात वही-खात्याचा आहे.

सोयगाव तालुक्यातल्या फर्दापूरला जाऊन पाहा. अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्या देशी-परदेशी पाहुण्यांना रंगीत दगड, स्फटिक, मूर्ती विकून आपले कित्येक बांधव पोट भरतात. हातात रोकड खेळते आणि कागदावर काहीच नसते. शिंपी, गॅरेजवाले, फर्निचरवाले यांचीही तीच गत. मुलगा इथून परदेशात जातो तो हीच सवय बरोबर नेतो. तिथे तो टॅक्सी घेतो, दुकान टाकतो, आणि वडिलांनी गल्ल्यातून धंदा केला तसाच करतो. पहिली काही वर्षे त्यात फायदाच दिसतो. बायकोला बोलावण्याची वेळ आली की त्या सगळ्या वर्षांचे बिल एकदम समोर येते.

इथेही हीच गोष्ट बँकेच्या कर्जाला, मुलाच्या शिक्षणाच्या व्हिसाला आणि स्वतःच्या नातवंडांना भेटायला जाण्यालाही लागू पडते. छोट्या व्यापाऱ्याला आयकर विवरण भरणे आता अवघड राहिलेले नाही. रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या उलाढालीवर ६ टक्के नफा धरून विवरण भरण्याची सोय आहे. त्यासाठी मोठे हिशेब ठेवावे लागत नाहीत. पॅन काढा, चालू खाते काढा, दिवसाची विक्री खात्यात भरा आणि दरवर्षी विवरण भरा. नफा कमी असला तरी चालेल, पण तो खरा आणि लिहिलेला असू द्या.

आणि मुलीचा रिश्ता परदेशातून आला तर हळद-मेंदीची तारीख ठरवण्याआधी सरळ विचारा. तू नागरिक आहेस की ग्रीनकार्डवाला? नोकरी आहे की स्वतःचा धंदा? मागच्या वर्षी कर खात्याला उत्पन्न किती दाखवलेस? आधी कोणाची हमी घेतली आहेस का? आखातात असशील तर इकाम्यावर हुद्दा काय लिहिला आहे? हे विचारायला लाजू नये. खानदान विचारताना आपण लाजत नाही, आणि मुलगी किती वर्षे माहेरी बसेल हे या उत्तरांवर ठरते.

आम्ही त्याच दिवशी चाचांच्या दुकानातून जावयाला फोन लावला. सुरुवातीला तो जरा चिडला, मग ऐकत गेला. आम्ही सांगितले: मागचे आकडे आता ओढूनताणून वर चढवू नकोस, त्याने संशय येतो. चांगला हिशेबनीस गाठ. या वर्षी खरा खर्च तेवढाच घाल आणि नफा होईल तो पुरा दाखव. तिथले करवर्ष ५ एप्रिलला संपते. त्यानंतर विवरण भरून कर चुकता कर आणि मग अर्ज टाक. तेवढा नफा निघत नसेल, तर टॅक्सी बाजूला ठेवून सहा महिने पक्क्या पगाराची नोकरी धर.

"कर तर जास्त जाईल," तो म्हणाला.

चाचांनी फोन आमच्या हातातून घेतला. "बेटा, तुझा कर वाचवायला मी माझी जमीन विकणार होतो," ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "अब्बा, जमीन राहू द्या. मी कर भरतो."

गिऱ्हाइकाला चाचांनी संध्याकाळीच निरोप धाडला. मुलीला अजून वर्षभर थांबावे लागेल, आणि ते वर्ष तिच्यासाठी सोपे नाही. पण या वेळी तिच्या अर्जामागे खरा कागद असेल, आणि ती दोन एकर कपाशी चाचांच्याच नावावर असेल.